सात कमानींची नोट

१

माणसाच्या आधी त्याचा वास आत आला. जळक्या प्लॅस्टिकचा, घशाला चिकटून बसणारा. धातू तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत आम्लाचे आणि धुराचे नाना वास रोजचेच होते, पण या वासात करपलेल्या दुधाचा वास मिसळलेला होता, आणि त्याचीच काटाबाईंना किळस आली. त्यांनी हातातला चहा लांब सारला.

काटाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं एकाच काट्यासमोर बसून त्या सोन्याचांदीची वजनं करत आल्या, म्हणून लोकांनी ठेवलेलं. धातूंबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. सोन्यात भेसळ असली तर सोनं ती लपवत नाही, नीट विचारलं की सांगून टाकतं. सोनं घेऊन येणाऱ्या माणसांचं तसं नसतं, हे त्यांचं मत पहिल्याच वर्षी झालं होतं. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि ते मत बदलायला लावणारं कोणी अजून भेटलं नव्हतं.

आलेला माणूस पंचेचाळिशीचा, कडक इस्त्रीतला. त्याने पिशवीतून एक लहानसं स्टीलचं पातेलं काढून टेबलावर ठेवलं. वर झाकण होतं.

"यात सोनं आहे," तो म्हणाला. "आहे, एवढंच लिहून द्या. पोलिसांना कागद हवाय."

काटाबाईंनी झाकण उचललं. तळाला काळं, फुगलेलं, डांबरासारखं काहीतरी चिकटलं होतं आणि त्यात पिवळे कण चमकत होते.

"काय आहे हे?"

"वडिलांच्या नोटा. सोन्याच्या. आमच्याकडे त्यांना सांभाळायला एक मुलगी ठेवली आहे, तिने काल दुपारी जाळल्या. सोनं काढायला. तेही बाबांचं दूध तापवायच्या पातेल्यात." त्याने खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. "त्यांवरची चित्रं बाबांनी स्वतः काढलेली होती, बाई."

काटाबाईंचा हात झाकणावर तसाच राहिला. त्या नोटा त्यांना चांगल्या ठाऊक होत्या. तीस वर्षांपूर्वी या भागाच्या नावाने पाच नोटा निघाल्या होत्या. सोन्याचा अतिशय पातळ थर प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांत दाबलेला आणि त्यावर इथलीच चित्रं. एकच्या नोटेवर मिठागरं, दोनच्या नोटेवर दीपगृह, पाचवर दगडी पूल, दहावर डोंगरातलं तळं आणि वीसवर घड्याळाचा मनोरा. लोकांनी त्या खर्चल्या कमी आणि फ्रेम करून भिंतीला लावल्या जास्त. पहिल्या छपाईचा पहिला ताव चित्रकार स्वतः याच काट्यावर घेऊन आले होते, आणि तो तोलणारी नवखी मुलगी काटाबाईच होत्या.

"बाबा आता फारसं बघू शकत नाहीत," तो सांगत होता. "पण रोज सकाळी ती फ्रेम खिडकीशी धरून घ्यायचे. अख्खं तळं कसं सोन्याचं दिसायचं. तेवढंच सुख होतं बिचाऱ्यांना."

"कागद कधी हवा?"

"पाचच्या आत. कागद मिळाला की पोलीस तिला घेऊन जातील. आणि वजनबिजन राहू द्या, सोनं आहे एवढं लिहिलं की पुरे."

"इथे 'आहे' आणि 'नाही' असं लिहीत नाहीत," काटाबाई म्हणाल्या. "इथे किती आहे ते लिहितात. चार वाजता या."

तो गेला तरी वास मागे राहिला. शहरात असा कागद देणारी जागा ही एकच, नाहीतर हे चिरंजीव दुसरीकडे गेले असते, असं काटाबाईंना उगाचच वाटून गेलं.

त्यांनी पातेलं खरवडलं, झाकणाचा काजळीचा थरसुद्धा खरवडला. झाकण असल्यामुळे काही उडून गेलं नव्हतं. भट्टीत काळं ते जळून गेलं, उरलेला गाळ त्यांनी आम्लात धुतला, आणि साडेबारा वाजता वाटीच्या तळाशी मोहरीएवढा एक मणी उरला. पाच जागांची चित्रं काढायला माणसाला वर्ष लागतं आणि त्यांची मोहरी व्हायला तीन तास. काटाबाईंनी तो मणी चिमट्याने उचलून काट्यावर ठेवला.

मग कपाटातली जुनी वही काढून त्यांनी तीस वर्षांपूर्वीचं स्वतःचंच अक्षर वाचलं. एकच्या नोटेत दोन मिलिग्रॅम सोनं, आणि पुढच्या नोटांत त्याच हिशेबाने, म्हणजे पाचात दहा, विसात चाळीस. पाच नोटांचं मिळून शहात्तर.

काटा सहासष्ट दाखवत होता. आणि गाळ ज्या आम्लात धुतला होता, त्या आम्लाला निळी झाक आली होती. म्हणजे तांबं. पातेलं स्टीलचं, नोटांतलं सोनं शुद्ध, मग तांबं आलं कुठून?

२

चित्रकारांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. काटाबाईंचा डावा पाय लहानपणापासून थोडा ओढतो, त्यामुळे जिना म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. दार उघडंच होतं. त्या उंबऱ्यात पोचल्या, अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच आतून आवाज आला.

"काटाबाई. तीस वर्षं झाली, तरी डावा पाय अजून तसाच ओढता."

पलंगावर उशीला टेकून चित्रकार बसले होते. डोळे उघडे, पण नजर खिडकीच्या दिशेने, जिथे उजेड होता तिथे. समोरच्या भिंतीवर रिकामी फ्रेम होती. कोणीतरी ती रिकामी असून पुन्हा नीट टांगली होती, हे काटाबाईंना विचित्र वाटलं. चोर असा टापटिपीचा नसतो.

"तुम्हाला ऐकू चांगलं येतं की," त्या म्हणाल्या.

"डोळे गेले की कान घर चालवतात."

"मग काल दुपारी स्वयंपाकघरात कोण आलं होतं?"

स्वयंपाकघर भिंतीच्या पलीकडेच होतं. चित्रकारांनी पांघरुणाची कड बोटांत धरली. "डुलकी लागली होती. वास आला तेव्हा जाग आली. पावलं नाही ओळखू आली मला."

"आणि फ्रेम तर याच खोलीत होती."

"झोपलो होतो म्हटलं ना, बाई."

काटाबाई वळल्या. दाराशी एक पंचविशीची मुलगी उभी होती. चार वर्षं ती म्हाताऱ्यांना सांभाळत होती, म्हणून घरात तिला सोबतीण म्हणत. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. पायाशी कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. पोलीस येईपर्यंत बाहेर जायचं नाही, असं तिला बजावलं होतं, आणि ती बिचारी खरोखरच गेली नव्हती.

काटाबाई तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे वास अजून भिंतींना चिकटून होता. "पहिल्यापासून सांग. रडू नको, मला रडणं समजत नाही."

"मी दोन वाजता आजोबांच्या डोळ्यांचे थेंब आणायला गेले. पावणेतीनला आले तर घरात धूर. गॅसवर पातेलं, खाली जाळ मोठा. मी फडक्याने उचललं, तेवढ्यात वहिनी शाळेतून आल्या. त्यांनी मला पातेलं हातात धरलेलंच पाहिलं." तिने हाताची भाजलेली बोटं दाखवली. "दादांना फोन केला, ते ऑफिसातून आले आणि आल्या आल्या म्हणाले, हिनेच केलं. ऑफिस काय, समोरच्या चौकात आहे."

"तू सोनं वितळवायला गेलीस म्हणे."

"त्यात किती सोनं असतं, मला आजोबांनीच सांगितलंय. कानातल्याचा दांडासुद्धा होणार नाही, म्हणायचे." ती नाक ओढून म्हणाली, "माझं जाऊ द्या. पण असा आळ आला की पुढे कुठल्या घरात घेतील मला? आणि आजोबांना वृद्धाश्रमात ठेवणार आहेत. तिथे त्यांना हिरवं कोण दाखवणार?"

"हिरवं?"

"रोज सकाळी मी फ्रेम खिडकीशी धरायचे. त्यांना चित्र नाही दिसत, पण उजेड कळतो. हिरवा उजेड पडला की म्हणायचे, हं, झाली माझी सकाळ." ती थांबली. "आठ दिवसांपूर्वी फ्रेमची दोरी तुटली, तर ती दोन दिवस कपाटात ठेवली होती. परत लावली तेव्हापासून ते कुरकुरायला लागले. मधलं पिवळं झालंय, म्हणायचे. मला वाटलं, वयाने भास होतोय. मग मी पण नीट पाहिलं, तर मधली खरंच पिवळी."

"हे कोणाला सांगितलंस?"

"आजोबांनीच सांगितलं. परवा जेवताना. दादा आणि वहिनी दोघं होते. म्हणाले, मधली नोट बदलली आहे, काटाबाईंना बोलवा, त्या सांगतील."

"आणि?"

"दादा म्हणाले, उद्या बोलावतो." सोबतिणीने पदार्थ करपल्यासारखा चेहरा केला. "आणि त्या 'उद्या'ला नोटाच जळल्या."

३

सूनबाई आज अर्धी रजा टाकून दीडलाच शाळेतून घरी येत होत्या. गणिताच्या शिक्षिका, बोलणं तुटक, आणि बोटांना खडू. काटाबाई धातूवाल्या आहेत कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली, पण पाणी विचारलं नाही.

"मी जे पाहिलं तेच सांगितलं पोलिसांना," त्या म्हणाल्या. "पातेलं तिच्या हातात होतं. तिने जाळलं असं मी म्हटलेलं नाही. ते माझ्या नवऱ्याने म्हटलं."

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"कुलूपच नाही. सगळ्यांचा हात पोचतो."

"मधली नोट म्हणजे पाचची. तिच्यात एवढं काय आहे?"

सूनबाई पहिल्यांदा थोडं हसल्या. "चूक आहे. पुलाला आठ कमानी आहेत आणि बाबांनी सात काढल्या. छापल्यावर लक्षात आलं. सगळ्या नोटा परत घेऊन नष्ट केल्या, नव्याने छापल्या. बाबांना पहिल्या छपाईचा संच आधीच दिलेला होता, त्यातली तेवढी राहिली. बाबांना तिची लाज वाटायची. पाहुणे आले की त्या नोटेसमोर फुलदाणी ठेवायचे."

"लाज वाटायची तिचीच आता किंमत."

"असेल. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच माहीत की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि फ्रेम धरली. मला वाटलं, सासऱ्यांनी खोटं सोनं लावलंय, कारण ते हिरवं दिसत होतं. मग त्यांनी समजावलं की खरं सोनं इतकं पातळ केलं की त्यातून उजेड हिरवाच येतो." त्या उठल्या. "तुमचं झालं असेल तर मला वह्या तपासायच्या आहेत."

या बाईला काहीतरी कळलेलं आहे आणि ते तिला बोलायचं नाही, एवढं काटाबाईंना कळलं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या जिना उतरल्या.

सोन्याच्या नोटांचा धंदा करणारं दुकान शहरात एकच होतं. काचेखाली नोटांच्या रांगा आणि मागे नोटवाला, अंगाने गुबगुबीत, बोलताना अंगठा जिभेला लावून हवेतच पानं उलटल्यासारखा फिरवणारा. त्याच ओल्या अंगठ्याने त्याने काटाबाईंसमोर नोटांचा अल्बम सरकवला. काटाबाईंनी तो हातात घेतला नाही.

"सात कमानींची पाचची नोट," त्या म्हणाल्या. "आहे?"

नोटवाल्याचे डोळे चमकले. "वा. माहितगार दिसता. या आठवड्यातच आली. पण ती मी दुकानात विकायची नाही, तिच्यासाठी बोली लावणार आहे. एका घराएवढी किंमत येईल तिला."

"कोणी आणली?"

"गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही, ताई. धंद्याचा धर्म आहे." त्याने पुन्हा अंगठा चाटला. "पण माल सरळ आहे. वारसाने आणलेला. तो चित्रकार गेला ना गेल्याच महिन्यात."

काटाबाईंना क्षणभर वाटलं, आपण ऐकलं ते चूक. तासाभरापूर्वी त्या चित्रकाराने त्यांना पावलांवरून ओळखलं होतं, आणि या दुकानात त्याचे दिवसही घालून झाले होते.

"तो जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पाच वाजता त्याच्या घरी पोलीस येणार आहेत. नोट घेऊन तुम्ही तिथे या, नाहीतर ते इथे येतील."

नोटवाल्याचा अंगठा तोंडाशी जाता जाता थांबला.

४

चार वाजता चिरंजीव कागद न्यायला प्रयोगशाळेत आले. काटाबाईंनी टंकलेखन चाललंय असं सांगितलं. खरं तर कागद पाकिटात तयार होता.

"पाचला मी स्वतः घेऊन येते," त्या म्हणाल्या. "असा कागद हातोहात द्यायचा असतो."

"तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला. सोनं निघालं तुमच्या पातेल्यातून."

त्याचा चेहरा असा सैलावला की काटाबाईंना तो पाहवेना. त्यांनी मान वळवली. लबाडी त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. सोन्यात तांबं मिसळणारे, पोकळ बांगड्यांत लाख भरणारे, मेलेल्या आईच्या दातातलं सोनं तोलायला आणणारे. पण बापाच्या दुधाच्या पातेल्यात बापाचीच चित्रं शिजवणारा, असा नमुना पहिलाच. की तसं नव्हतं? की सूनबाई? त्या घरात तीन हात कपाटापर्यंत पोचत होते, आणि मनाला वाटलं म्हणून कागदावर लिहिणाऱ्यांतल्या काटाबाई नव्हत्या. त्यांनी सगळं पुन्हा एकदा मनात मांडलं, वजनं मांडतात तसं, एकेक करून.

मग त्यांना सकाळचं एक वाक्य आठवलं आणि काटा जागेवर आला.

५

पाच वाजता चित्रकारांच्या खोलीत बसायला जागा उरली नव्हती. दाराशी पोलीस अधिकारी, खिडकीशी सूनबाई, पलंगाच्या पायथ्याशी चिरंजीव, आणि कोपऱ्यात पिशवी पोटाशी धरून सोबतीण. नोटवाला अजून आला नव्हता. काटाबाईंनी पाकीट अधिकाऱ्याच्या हातात दिलं.

"सहासष्ट मिलिग्रॅम सोनं," त्या म्हणाल्या. "हवं होतं शहात्तर. दहा कमी."

"धुरात गेलं असेल," चिरंजीव म्हणाले.

"सोनं धुरात जात नाही. झाकणही होतं, आणि झाकणही मी खरवडलं. सांडलं असतं तर सात कमी आलं असतं, नाहीतर तेरा, कितीही. बरोबर दहा कमी आलं. पाच नोटांत दहा मिलिग्रॅमची नोट एकच, पाचची. आणि दुसऱ्या कुठल्याही नोटा मिळवल्या तरी दहा होत नाहीत. म्हणजे खरी पाचची नोट त्या पातेल्यात गेलीच नाही. तिच्या जागी जे जळलं त्यात तांबं होतं. पितळेची भुकटी फासलेली, खेळण्यातली नोट."

अधिकाऱ्याने सोबतिणीकडे पाहिलं. "मग खरी हिने काढून ठेवली?"

"थांबा. खोटी नोट फ्रेममध्ये पाच-सहा दिवस होती. दोरी तुटून फ्रेम कपाटात होती तेव्हा ती बसवली. तिच्यामुळे यांना मधलं पिवळं दिसायला लागलं." काटाबाईंनी चित्रकारांकडे हात केला. "परवा यांनी सांगितलं की काटाबाईंना बोलवा. मी आले असते तर एका मिनिटात खोटी ओळखली असती. म्हणून काल सगळ्याच नोटा जाळल्या. एका नोटेची चोरी झाकायला चार नोटांचा बळी. सोनं काढायला कोणी जाळलंच नव्हतं, नाहीतर ते पातेल्यात सोडून चोर गेला कशाला असता?"

अधिकाऱ्याने पाकिटातला कागद उघडला.

"आता खोटी कोणी बसवली. ज्याने बसवली त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. खरी नोट उजेडाशी धरली की हिरवी दिसते. पितळ दिसतं पिवळं. फ्रेम रोज खिडकीशी जाते हे ठाऊक असलेल्या माणसाला हिरव्याचं ठाऊक असतं, तर त्याने पिवळी बसवलीच नसती. ही मुलगी चार वर्षं रोज ते हिरवं बघते. सूनबाईंना लग्नानंतर पहिल्या आठवड्यात दाखवलं होतं." काटाबाई चिरंजिवांकडे वळल्या. "आणि तुम्ही आज सकाळी मला म्हणालात, अख्खं तळं सोन्याचं दिसायचं. तीस वर्षं ती फ्रेम तुमच्या घरात आहे. बाप रोज सकाळी खिडकीशी उभा राहून काय बघतो, ते तुम्ही एकदाही त्याच्या शेजारी उभं राहून बघितलं नाहीत. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, ते खोटं नाही."

"हा काही पुरावा होत नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. नोटवाला दारात आला, घामाने थबथबलेला. त्याने पलंगावरच्या म्हाताऱ्याला पाहिलं, मग पायथ्याशी उभ्या माणसाला. "अहो, हे काय," तो त्याला म्हणाला, "तुम्ही तर म्हणालात वडील वारले."

सूनबाईंनी डोळे मिटून घेतले. अधिकारी दोन पावलं पुढे आला.

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "चूक झाली."

"पुलाची एक कमान राहिली ती चूक होती," चित्रकार म्हणाले. "याला चूक म्हणू नकोस."

काटाबाईंनी नोटवाल्याच्या हातून नोट घेतली, प्लॅस्टिकच्या पाकिटावरचा ओला ठसा रुमालाने पुसला, आणि ती सोबतिणीला दिली. मुलगी खिडकीशी गेली. सवयीनेच गेली. तिने नोट उजेडात धरली आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर बोटभर हिरवा उजेड पडला. सात कमानी त्यात अगदी बारीक दिसत होत्या.

"हं," चित्रकार म्हणाले. "चार गेल्या. राहिली ती माझी लाजच."

इथे थांबता आलं असतं. काटाबाईंच्या स्वभावात ते नव्हतं. वजन अर्धं लिहून कागद देता येत नाही.

"अजून एक राहिलं," त्या म्हणाल्या. "दुपारी मी जिन्यावरून आले, तोंड उघडायच्या आधी तुम्ही मला ओळखलंत. तीस वर्षांनी. मग काल भिंतीपलीकडे कोण होतं, या खोलीत येऊन तुमच्या समोरून फ्रेम कोणी काढली आणि रिकामी परत कोणी टांगली, ते तुम्हाला नाही कळलं?"

पांघरुणाची कड पुन्हा म्हाताऱ्याच्या बोटांत आली.

"त्याच्या पावलांचा आवाज मी तो चालायला लागला तेव्हापासून ओळखतो," तो म्हणाला. "मला वाटलं, संध्याकाळपर्यंत तो स्वतः सांगेल. पाच वाजेपर्यंत वाट बघायची ठरवली होती."

"आणि नसता सांगितलं तर?" सोबतिणीने विचारलं. आवाज चढवला नाही तिने. "आजोबा, पाच वाजता ते मला न्यायला आले होते."

चित्रकारांनी तिच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला.

मुलीने नोट हळूच त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली, औषधाची गोळी देताना मिटवायची तशी. मग पिशवी उचलली. काटाबाईंनी तिच्यासाठी दार धरलं. ही मुलगी कामाची आहे, असं लिहून द्यायला आपली सही पुरेशी होईल का, याचा त्या विचार करत होत्या.

मागून चिरंजिवांनी हाक मारली. अधिकाऱ्याने त्यांचा दंड धरलेला होता, तरी त्यांना काहीतरी आठवलं होतं.

"बाई, तो मणी," ते म्हणाले. "सहासष्ट मिलिग्रॅमचा. तो आमचाच होतो ना?"

सूनबाई खिडकीपासून निघाल्या, नवऱ्याचे बूट दोन बोटांत धरून मेलेला उंदीर उचलावा तसे उचलले, आणि जिन्यात नेऊन ठेवले. मग परत येऊन त्यांनी नळाखाली हात धुतले. काटाबाईंनाही धुवायचे होते, पण त्या घराचा साबण नको वाटला. खाली रस्त्यावर येईपर्यंत त्यांनी हात अंगापासून लांबच धरले होते.